गाडीच्या बॅटरीवर दिव्यांगांची तीनचाकी चार्ज होते का? कनेरगाव नाक्यापासून नांदेडपर्यंतचा हिशेब

घरात बॅटरीवर चालणारी तीनचाकी सायकल किंवा मोबिलिटी स्कूटर असेल तर एक प्रश्न कधी ना कधी येतोच. औंढा नागनाथला दर्शनाला जायचंय, नर्सी नामदेवला जायचंय किंवा नांदेडच्या दवाखान्यात तपासणी आहे. पिकअप ठरली, तीनचाकी मागे चढवली, दोरीने बांधली. पण काल गावात फिरून तिची बॅटरी अर्धी संपलेली आहे आणि रात्री लाइट नव्हती. मग कुणीतरी म्हणतं, "गाडीलाही बॅटरीच आहे की! लावा तिच्यावर चार्जिंगला."

हे शक्य आहे का? हो, शक्य आहे. पण "लावा" म्हणण्याइतकं सोपं नाही. चुकीच्या पद्धतीने केलं तर दोन्ही बॅटऱ्या बसतात, गाडी सुरू होत नाही आणि ज्या माणसाचे पाय म्हणजेच ती तीनचाकी, तो दिवसभर पिकअपमध्ये बसून राहतो. म्हणून आज हाच हिशेब मांडू. कुठून किती वीज मिळते, किती लागते, आणि सरकारी धोरणांत हा माणूस नेमका कुठे आहे.

हा विषय आत्ताच का?

तीन गोष्टी गेल्या काही वर्षांत एकाच वेळी पुढे आल्या आहेत.

पहिली, बॅटरीवरच्या तीनचाकी गावागावात पोचल्या. केंद्राच्या एडिप योजनेतून, कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीमार्फत मोटार बसवलेल्या तीनचाकी सायकली दिल्या जातात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झाला. दिव्यांग वित्त व विकास महामंडळाची पर्यावरणस्नेही 'फिरत्या वाहनावरील दुकान' ही योजना आहे, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला बॅटरीवरची गाडी आणि तिच्यावरच दुकान.

दुसरी, मोटरहोम. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. चाकांवरचं घर, आत पलंग, स्वयंपाकाची सोय, छतावर सोलर. चालता न येणाऱ्या माणसासाठी असा प्रवास खरंतर सगळ्यात सोयीचा, कारण लॉजच्या पायऱ्या चढायचा प्रश्नच नाही. पण मग त्याची स्कूटर त्याच घराच्या विजेवर चार्ज व्हायला हवी.

तिसरी, ईव्ही चार्जिंग स्टेशन. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. कार, दुचाकी, बस या सगळ्यांचा विचार होतोय. व्हीलचेअरचा?

कनेरगाव नाका हे या तिन्ही गोष्टी एकत्र बघण्यासाठी चांगलं ठिकाण आहे. हिंगोली जिल्ह्याचं वरचं टोक, पलीकडे वाशिमची हद्द. अकोल्याहून वाशिम, हिंगोली करत नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ इथूनच जातो. रेल्वे स्टेशनही आहे. म्हणजे प्रवास इथून होतोच, पण मोठं शहर कुठल्याही बाजूला जवळ नाही. इथे अंदाज चुकला तर मधे कुठे तरी अडकायला होतं.

आधी समजून घ्या: तीनचाकीला वीज किती लागते?

तुमच्या मोबाइलची बॅटरी ५,००० एमएएचची असते. व्होल्टने गुणलं तर ती साधारण १९ वॉट-अवर होते. हाच वॉट-अवरचा आकडा लक्षात ठेवा, कारण एमएएच किंवा ॲम्पिअर-अवर नुसता बघून काही कळत नाही. व्होल्ट वेगळे असतील तर तुलना फसते.

आता एक नेहमीचं उदाहरण घेऊ. १२ व्होल्टच्या, ३५ ॲम्पिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. म्हणजे २४ व्होल्ट, ३५ ॲम्पिअर-अवर. गुणाकार केला की ८४० वॉट-अवर. जवळपास ४४ मोबाइल एकदम! तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो. बॅटरीवरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि व्होल्ट गुणिले एएच एवढंच करा.

पण ८४० साठवायचे तर ८४० देऊन भागत नाही. प्रत्येक टप्प्यावर थोडी वीज उष्णता होऊन जाते:

- लेड-ॲसिड बॅटरी घेतलेलं सगळं साठवत नाही. ८४० साठवायला सुमारे १,००० वॉट-अवर द्यावे लागतात.
- चार्जर स्वतः गरम होतो. १,००० द्यायला तो बोर्डातून सुमारे १,१८० घेतो.
- तो बोर्ड इन्व्हर्टरचा असेल तर इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. १,१८० द्यायला गाडीच्या बॅटरीतून सुमारे १,३४० जातात.

म्हणजे ८४० च्या कामासाठी १,३४० वॉट-अवर. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या भाषेत सांगायचं तर ११० ॲम्पिअर-अवरपेक्षा जास्त. पूर्ण रिकामी ते पूर्ण भरलेली, असा हा आकडा आहे. बॅटरी अर्धीच उतरली असेल तर याच्या निम्मे, म्हणजे ६७० च्या आसपास.

घरच्या बोर्डावर हीच चार्जिंग जेमतेम १.२ युनिटची. लोड एका कूलरएवढा. ज्याच्या घरी तुम्ही थांबलात त्याच्या बिलात कळणारही नाही. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

मग गाडीतून किती मिळते?

इथे सगळा खेळ "कुठली बॅटरी" याचा आहे. एकेक पर्याय बघू.

*१. पिकअपची स्टार्टरची बॅटरी, इंजिन बंद:* नाही. अजिबात नाही. ही बॅटरी काही सेकंद जोरात करंट देऊन इंजिन फिरवण्यासाठी बनवलेली असते, तासन् तास हळूहळू वीज द्यायला नाही. २४ व्होल्ट ५ ॲम्पिअरचा चार्जर इन्व्हर्टरमार्फत लावला तर गाडीच्या बॅटरीतून साधारण १६ ॲम्पिअर ओढले जातात. दोन तासांत ३२ ॲम्पिअर-अवर गेले. डिझेल पिकअपची बॅटरी ७५-८० ची धरली तरी ४० टक्के उतरली. जुनी बॅटरी असेल तर सेल्फ मारताच नुसतं 'टक टक' होईल. मग धक्का मारायला माणसं शोधा.

*२. तीच गाडी, पण चालू आणि रस्त्यावर धावताना:* हो, चालेल. तेव्हा वीज बॅटरीतून नाही, अल्टरनेटरमधून येते, ज्याला आपल्याकडे बरेच जण अजून डायनामो म्हणतात. कनेरगावहून नांदेडला जाताना अडीच तास मिळाले असं धरा. ५ ॲम्पिअरच्या चार्जरने तेवढ्या वेळात १२ ॲम्पिअर-अवर भरतील, म्हणजे ३५ पैकी एक तृतीयांश. फुल नाही, पण दवाखान्यात आत-बाहेर करायला भरपूर. नुसतं चार्जिंगसाठी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवणं मात्र वाईट सौदा. डिझेल जळतं, मंद फिरणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर कमी वीज देतो आणि बंद जागेत धूर जीवघेणा ठरतो.

*३. कॅरॅव्हॅनची 'घरची' बॅटरी, लेड-ॲसिड:* मोटरहोममध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिनची, एक आतल्या घराची. दिवे, पंखा, पाण्याचा पंप या दुसरीवर. ती १५० ॲम्पिअर-अवरची ट्यूब्युलर असेल, म्हणजे आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असते तशी, तर कागदावर १,८०० वॉट-अवर. पण लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य पटापट घटतं. म्हणजे खऱ्या कामाचे ९००. लागणार होते १,३४०. पूर्ण चार्जिंग होणार नाही. अर्धी उतरलेली तीनचाकी भरून निघेल, वर रात्रीच्या पंख्याला थोडीच उरेल.

*४. कॅरॅव्हॅनची लिथियम बॅटरी:* १२.८ व्होल्ट, २०० ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे २,५६० वॉट-अवर आणि त्यातले ९० टक्के निर्धास्त वापरता येतात. एक पूर्ण चार्जिंग होऊन रात्रीचा पंखा-दिवाही चालेल. महाग आहे, पण रोज स्कूटर चार्ज करणाऱ्या कुटुंबाला हाच पर्याय परवडतो.

*५. छतावरचं सोलर:* २०० वॉटचं पॅनल, मराठवाड्याचं ऊन, दिवसाला चांगलं ऊन ५ तास धरलं तर १,००० वॉट-अवर. पण छतावर पॅनल आडवं असतं, धूळ बसते आणि तापलेलं पॅनल कमी वीज देतं. हातात ७०० च्या आसपास येतात. म्हणजे रोज अर्धी स्कूटर. पावसाळ्यात त्याहून कमी. सोलर मदतीला चांगलं, भरवशाला एकटं नको.

*६. इलेक्ट्रिक कार:* हा सगळ्यात नवा पर्याय. काही ईव्हींमध्ये गाडीतून बाहेर २३० व्होल्ट देण्याची सोय असते, तिला व्ही-टू-एल म्हणतात. आपल्याकडे २०२३ च्या टाटा नेक्सॉन ईव्हीच्या काही मॉडेलमध्ये ती आली. ३० किलोवॉट-अवरच्या कारमधून एका तीनचाकीच्या पूर्ण चार्जिंगला जेमतेम ४ टक्के बॅटरी जाते. आज अशी गाडी गावात क्वचितच दिसेल, पण उद्याचं उत्तर बहुतेक हेच असेल.

तीन जुगाड, जे करू नका

*"चिमटे लावून थेट जोडू."* गाडीची १२ व्होल्टची बॅटरी २४ व्होल्टच्या तीनचाकीला वायरने थेट जोडली तर चार्जिंग होत नाही. करंट जास्त व्होल्टकडून कमीकडे वाहतो, पाणी उताराकडे जातं तसा. म्हणजे उलट तीनचाकीच रिकामी होईल, तीही इतक्या जोरात की वायर वितळेल, ठिणगी पडेल. दोन्ही १२ व्होल्टच्या असल्या तरी मधे चार्जर नसेल तर करंटवर ताबा राहत नाही.

*"लायटरच्या सॉकेटला छोटा इन्व्हर्टर लावू."* गाडीतल्या त्या सॉकेटचा फ्यूज १० ते १५ ॲम्पिअरचा असतो. आपल्याला १६ लागतात. फ्यूज उडेल, हे झालं चांगलं. वाईट म्हणजे कुणीतरी फ्यूजच्या जागी तार घालेल आणि डॅशबोर्डच्या आतली वायर पेटेल. या सॉकेटवरून मोबाइल चार्ज करा, स्कूटर नाही.

*"व्होल्ट वाढवणारा कन्व्हर्टर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो लावू."* १२ चे २४ व्होल्ट करणारा साधा कन्व्हर्टर आणि २४ व्होल्टचा चार्जर या वेगळ्या वस्तू आहेत. चार्जर आधी करंट धरून ठेवतो, मग व्होल्ट धरतो, शेवटी हात आवरता घेतो. कन्व्हर्टर नुसता एकच व्होल्ट देत राहतो. २४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी भरायला मुळात २८-२९ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टवरून २४ व्होल्टची बॅटरी भरणारे खरे डीसी-टू-डीसी चार्जर मिळतात आणि ते इन्व्हर्टरपेक्षा कमी वीज वाया घालवतात. घ्यायचा तर तोच घ्या आणि आपल्या बॅटरीच्या प्रकाराला तो चालतो का हे आधी विचारा.

बरोबर पद्धत कोणती?

मिस्त्रीकडे जाताना एवढं पाठ ठेवा:

- इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, ३०० ते ५०० वॉटचा. स्वस्त मॉडिफाइड साइन वेव्ह इन्व्हर्टरवर काही चार्जर तापतात, गुणगुणतात, बंद पडतात.
- इन्व्हर्टर थेट बॅटरीवरून जोडायचा, वायर आखूड आणि जाड. ५०० वॉटला ५० ॲम्पिअरच्या आसपास करंट जातो, म्हणून १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ ६० ॲम्पिअरचा फ्यूज. फ्यूज इन्व्हर्टरजवळ लावून उपयोग नाही, कारण वायर मधेच घासली तर बॅटरीकडून येणारा करंट कोण थांबवणार?
- इंजिन बंद झालं की इन्व्हर्टरही आपोआप बंद होईल असा रिले टाकून घ्या. आठवणीवर सोडू नका.
- चार्जर तीनचाकीसोबत आलेला तोच. लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला लावू नका, उलटही नको.
- चार्जिंग हवेशीर जागी. पाणी घालायच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. झोपायच्या जागेत अशी बॅटरी चार्ज करू नये.
- उन्हाळ्यात उन्हात उभ्या बंद गाडीत चार्जिंग नको. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४२ अंश असतं, बंद पत्र्याच्या आत किती होईल बघा. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं.
- धावत्या गाडीत तीनचाकी चारही बाजूंनी पट्ट्याने बांधा. वायर चाकाखाली किंवा फाळक्यात अडकणार नाही हे बघा. चार्जिंग चालू असताना तीनचाकीवर कुणी बसू नये.
- ढाब्यावर किंवा ओळखीच्या घरी बोर्ड मिळाला तर आधी आर्थिंग आहे का ते बघा. कॅरॅव्हॅन बाहेरच्या लाइटवर जोडायची असेल तर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच. पूर्ण गाडी पत्र्याची आहे, हे विसरू नका.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एक ओळ: डब्यातले सॉकेट मोबाइल-लॅपटॉपसाठी असतात. तिथे स्कूटरचा चार्जर लावू नका.

आता धोरणाकडे: रस्त्यावर वीज आहे, पिन नाही

वरचा हिशेब नीट बघितला तर एक गोष्ट लक्षात येते. गाडीतून चार्जिंग करणं हा नाइलाजाचा उपाय आहे. दर टप्प्यावर वीज वाया, वर बॅटरीचा खर्च. साध्या बोर्डावर हेच काम कूलरएवढ्या लोडवर, सव्वा युनिटमध्ये होतं. म्हणजे खरा प्रश्न गाडीत वीज कमी आहे हा नाही. वाटेत साधा बोर्ड मिळत नाही, हा आहे.

विचित्र गोष्ट अशी की महामार्गावर वीज वाढत चालली आहे. पण कारच्या फास्ट चार्जरचा कनेक्टर सीसीएस-टू प्रकारचा असतो. तो शेकडो व्होल्टचा डीसी देतो. २४ व्होल्टच्या तीनचाकीला त्याचा काडीचा उपयोग नाही. भारत एसी-००१ प्रकारच्या जुन्या चार्जरवर २३० व्होल्ट, १५ ॲम्पिअरचे तीन आउटलेट असतात, वीज अगदी आपल्याला हवी तीच. पण तिथे निळी औद्योगिक पिन लागते आणि आपला चार्जर घरगुती पिनचा. दुचाकीसाठीचे काही छोटे चार्जिंग पॉइंट साध्या तीन पिनच्या १६ ॲम्पिअर सॉकेटचे असतात, ते चालतात. पण ॲप उघडलं की नकाशावर सगळेच ठिपके सारखे. कुठे साधं सॉकेट आहे हे तिथे जाऊनच कळतं.

त्यात कायद्याची एक गंमत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीवरची गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही. या मर्यादेत बसणाऱ्या तीनचाकीवाल्याला ही सवलत खूप मोलाची आहे, कुणी ती काढून घ्यावी असं म्हणणार नाही. पण जी गाडी 'वाहन'च नाही, ती वाहनांच्या चार्जिंग धोरणात सहज सुटून जाते. ब्रिटनमध्ये मोबिलिटी स्कूटरचे वर्ग ठरलेले आहेत, फुटपाथवर ताशी ४ मैल, रस्त्यावर चालणाऱ्यांना ८ मैल. तिकडच्या कॅरॅव्हॅन साइटवर गाडी लावली की शेजारच्या खांबावरून १६ ॲम्पिअरची वीज घेता येते. तिथेही स्कूटर चार्जिंगसाठी वेगळं काही नाही. साधी वीज हाताशी आहे, एवढंच. आणि तेवढंच पुरतं.

आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात वाहतूक सुलभ करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुलभतेचे किमान नियम हे सल्ला म्हणून नाही, सक्तीचे म्हणून करा. हे नियम लिहिताना रॅम्प, लिफ्ट, टॉयलेट यांचा विचार होतोच. त्याच यादीत 'रॅम्पच्या शेवटी, बसल्या जागी हात पोचेल अशा उंचीवर, आर्थिंग असलेलं एक १६ ॲम्पिअरचं सॉकेट' एवढी ओळ घालायला काय लागतं? रॅम्प चढून वर गेलेल्या स्कूटरची बॅटरीच संपली तर रॅम्पचा उपयोग काय?

खर्चाचं म्हणाल तर एक सॉकेट, एक एमसीबी, एक आरसीसीबी. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, जिल्हा रुग्णालय, पेट्रोल पंप, मोठी देवस्थानं. कनेरगाव नाका ते नांदेड या रस्त्यावर अशी चार-पाच ठिकाणं झाली तरी पिकअपमध्ये इन्व्हर्टर बसवायची गरज बहुतेकांना उरणार नाही.

तुम्ही काय करू शकता?

घरात किंवा शेजारी अशी तीनचाकी असेल तर आज तीन गोष्टी करा. बॅटरी आणि चार्जर दोन्हीच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे मिस्त्रीला व्होल्ट-ॲम्पिअर नीट सांगता येतील. एकदा पूर्ण चार्ज करून ती प्रत्यक्षात किती किलोमीटर जाते ते गुगल मॅप्सवर मोजा, कारण कंपनीचा आकडा नव्या बॅटरीचा असतो. आणि नेहमीच्या रस्त्यावर जिथे आर्थिंगसह बोर्ड मिळाला ती जागा मॅपवर सेव्ह करून गावाच्या ग्रुपवर टाका. धोरण यायचं तेव्हा येईल, यादी आजच तयार होऊ शकते.

थोडक्यात: उभ्या गाडीच्या स्टार्टर बॅटरीवर कधीच नाही. धावत्या गाडीत, नीट फ्यूज टाकलेल्या इन्व्हर्टरवर, एक तृतीयांशपर्यंत. कॅरॅव्हॅनच्या लेड-ॲसिडवर अर्धी, लिथियमवर पूर्ण. आणि साधा बोर्ड मिळाला तर बाकी सगळं विसरून त्याच्यावर.